विश्लेषण : टर्बाइनचा वायू शुद्ध करण्याआधी थंड का करतात?

अमेरिकेतील मेम्फिस शहरात ‘एक्सएआय’च्या डेटा सेंटरसाठी बसवलेल्या गॅस टर्बाइनविरोधात रहिवाशांनी आवाज उठवला. तरीही जुलै २०२५मध्ये स्थानिक आरोग्य विभागाने १५ टर्बाइनना परवानगी दिली. नैसर्गिक वायूवरच्या टर्बाइनमधून काळा धूर निघत नाही, त्यामुळे सगळे स्वच्छ वाटते. पण नायट्रोजन ऑक्साइड निघतातच. उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो आणि दम्याच्या रुग्णांना तो बाधतो.

उपाय काय?

या वायूत अमोनिया फवारून तो मधाच्या पोळ्यासारख्या उत्प्रेरकातून सोडतात. उरतात नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. अडचण आहे तापमानाची. वायू बाहेर पडतो साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला, तर नेहमीच्या उत्प्रेरकाला ३०० ते ४०० अंश मानवतात. त्याहून फार तापला तर उत्प्रेरक खराब होतो, शिवाय अमोनियापासूनच नवे नायट्रोजन ऑक्साइड बनू लागतात. म्हणजे औषधच बाधले! फार थंड झाला, तर अमोनिया तसाच चिमणीबाहेर जातो.

थंड कसा करतात?

नुसता टर्बाइन असेल तर मोठे पंखे बाहेरची हवा त्यात मिसळतात. यात पंख्यांना वीज लागते आणि उष्णता वाया जाते. दुसरा मार्ग बॉयलरचा. महानिर्मितीच्या उरण केंद्रात टर्बाइनच्या गरम वायूवर वाफ तयार करून वीज बनवणारे १२० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा बॉयलरच्या नळ्यांमध्ये, नेमक्या तापमानाच्या जागी उत्प्रेरक बसवता येतो. मात्र बॉयलर उभारायला वेळ लागतो. घाईत वीज हवी असलेले नुसत्या टर्बाइनकडे वळतात ते त्यामुळेच.