खुराड्यातील गादी कोरडी राखावी

परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबास पावसाळा कसोटीचा जातो. ताज्या विष्ठेत सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. त्यात वळचणीचे व भांड्यातून सांडलेले पाणी मिसळले म्हणजे खुराड्याची भुई ओलीच राहते. अशा उबदार ओलीत रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांतच रोगकारक बनतात व वाढीस लागलेली पिले दगावतात.

यावर गादी पद्धत हा सोपा व अल्पखर्ची उपाय होय. पावसापूर्वी भुईवर चुना भुरभुरून भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले यांचा ४ इंच जाडीचा थर पसरावा. आठवड्यातून दोनदा तो दाताळ्याने वरखाली करावा. त्यामुळे हवा खेळते व विष्ठा कुजून जाते. ओली ढेपळे काढून तेथे कोरडे तूस घालावे आणि थर हळूहळू ६ ते ८ इंच होऊ द्यावा.

गादीची परीक्षा सोपी आहे. मूठभर गादी दाबून पाहावी. मूठ उघडताच ती मोकळी झाली तर ओल बेताची समजावी. गोळा टिकून राहिल्यास ओल फार झाली. कोंबडीच्या उंचीपर्यंत वाकल्यावर उग्र वासाने डोळे चुरचुरू लागल्यास झरोके मोकळे करावेत.

वर्षाअखेर निघालेल्या गादीत शेणखताहून अधिक नत्र असते. मात्र ताजे खत रोपांना करपविते. म्हणून ते दोन-तीन महिने कुजवून मगच भाजीपाल्यास द्यावे.