अपंग खेळाडू आणि दुखापतीचे भय

मैदानावर पडणे, खरचटणे हा खेळाचाच भाग होय. निपाणी-बेळगावकडील तालमीतला मल्ल अंगावरची माती झाडून पुन्हा शड्डू ठोकतो, त्याचे आपणांस कौतुक वाटते. परंतु अपंग खेळाडू दुखापतीला बिचकला, तर त्याला भित्रा म्हणणे न्याय्य नव्हे. त्याच्या भयामागे हिशेब असतो.

ज्याचे पाय निकामी झाले, त्याचे हात हेच त्याचे पाय. चाकांची खुर्ची ढकलणे, बिछान्यातून उठणे आणि वर खेळणे, हा सारा भार खांद्यांवरच पडतो. खांदा दुखावला, की केवळ सामना नव्हे, घरातील स्वावलंबनही हरपते. मज्जारज्जूस इजा होऊन ज्याच्या पायांची संवेदना गेली, त्याला तर जखम झालेलीही कळत नाही. वेदना हा शरीराचा पहारेकरी. तोच तेथे झोपलेला असतो.

तथापि भय बेसुमार वाढले, की तेच घातक ठरते. स्नायू ताठरतात, लक्ष खेळावरून स्वतःच्या देहाकडे वळते, हालचालीची वेळ चुकते आणि जी दुखापत टाळावयाची, तीच ओढवते. ‘भिऊ नकोस’ एवढ्या उपदेशाने हे भय जात नाही. ते योजनेने कमी होते. अंध जलतरणपटू भिंतीजवळ येताच काठावरील साहाय्यक लांब काठीच्या मऊ टोकाने त्यास स्पर्श करून इशारा देतो. त्या भरवशावर तो निःशंक पोहतो.

खेळाची निवडही महत्त्वाची. पाणी देहाचा भार तोलून धरते. हाडे सहज मोडण्याचा जन्मजात विकार असूनही बेळगावच्या मोईन जुन्नेदीने पोहण्यात नाव मिळविले. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. पुढे उपचार म्हणून त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत, ३७.३३ सेकंदांत, सुवर्णपदक जिंकले.

विद्यार्थिमित्रहो, खेळाच्या तासाला अपंग सोबत्यास गुण लिहावयास बसविले जाते. घरची माणसेही ‘पडशील’ म्हणून त्यास अडवितात. त्यात त्याचे भय थोडे आणि आपले अधिक असते. त्याला काय झेपते, कशाची धास्ती वाटते, हे त्यालाच विचारावे, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मैदानात त्याची जागा आखावी.