केसांवरचं ऊन

माझं आजोळ मालवणजवळ. मे महिन्यात आम्ही मुलं दिवसभर समुद्रावर हुंदडायचो आणि शाळा सुरू व्हायच्या सुमारास सगळ्यांच्या केसांची टोकं भुरी झालेली असायची. आजी खोबरेलाची वाटी घेऊन मागे लागायची, "काय ही केसांची दशा!" आज मी पुण्यात केस रंगवण्याचं काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या बायका नेमकी तीच दशा पैसे मोजून मागतात!

गंमत बाजूला ठेवू. केसांना काळा रंग मेलॅनिन या द्रव्यामुळे येतो आणि उन्हानं ते हळूहळू विरतं. मुळाजवळचा केस नवा, टोकाचा जुना. टोकानं जास्त उन्हाळे सोसलेले असतात, म्हणून ते फिकं. हेच ऊन ब्रश घेऊन हातानं रंगवायचं, त्याला 'बालयाज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, मूळ अर्थ झाडू फिरवणं. १९७०च्या दशकात पॅरिसच्या सलूनमध्ये ही पद्धत रुळली.

मी शिकले ती मात्र फॉइलची पद्धत. बारीक बटा काढायच्या, पार मुळापासून ब्लीच लावायचं आणि ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायच्या. आत ऊब राहते, रंग झपाट्यानं उतरतो. सुरुवातीच्या दिवसांत बँकेत नोकरी करणाऱ्या एका मुलीचे केस मी असे करून दिले. ती खूश, मीही खूश. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दोन महिन्यांनी ती आली तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी आणि तिच्याखाली आखल्यासारखे सोनेरी पट्टे. "ताई, आता दर महिन्याला यायचं का? माझा पगार केवढा, तुमचं बिल केवढं!" मला उत्तर सुचलं नाही. चूक माझीच होती. तिला परवडेल का, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी आधी माणूस बघते, मग ब्रश उचलते. भांग कुठे पडतो, वेणी घालता की अंबाडा, केस कुरळे की सरळ, हे सगळं कोरड्या केसांवर बघून घ्यायचं. ब्लीच श्रीखंडाइतकं घट्ट कालवायचं, म्हणजे ओघळत नाही. बट हातावर ताणून धरायची. वर ब्रश नुसता टेकवायचा, तोही बटेच्या दोन कडांना, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. खाली येताना हात जड करायचा, टोकं पूर्ण भिजवायची. त्यामुळे रंग नेमका कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. केस वाढले की रंग थोडा खाली सरकतो, एवढंच. रेघच नाही, तर ती उघडी काय पडणार?

आपले काळे केस फिके होताना आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळे होतात. पिवळ्यापर्यंत जायचा हट्ट बहुतेकींनी करू नये, असं माझं मत. कॅरमेलच्या छटेवर थांबावं आणि उरलेला नारिंगीपणा निळसर टोनरनं मारावा. पूर्वी मेंदी किंवा कलप लावला असेल तर लपवू नका! काही तयार मेंदी पुड्यांत धातूंचे क्षार असतात, त्यांची ब्लीचशी वाईट प्रतिक्रिया होते. मी आधी एक बट आतून करून बघते. टोनरची चाचणीही ४८ तास आधी कानामागे घ्यावी.

पांढरे केस झाकण्याचा हा उपाय नव्हे. थोडे असतील तर फिकट बटांत मिसळून जातात, जास्त असतील तर कलपच हवा. शिवाय देखभाल कमी म्हणजे शून्य नव्हे. ब्लीच केलेली टोकं कोरडी पडतात, टोनर काही आठवड्यांत उतरतो. न्हाण्याआधी खोबरेल लावावं. आजीचं तेवढं खरंच होतं.

त्या बँकेतल्या मुलीच्या मुळांकडच्या पट्ट्यांना मी तिच्या काळ्याशी जुळणारा रंग दिला, पैसे न घेता, आणि खालच्या बटा हातानं मोकळ्या केल्या. गेल्या खेपेला ती सात महिन्यांनी आली. मी ब्रश काढला, तर म्हणाली, "नको ताई, टोकं तेवढी कापा. रंग आहे तसा राहू दे."