सिंधुदुर्गावरील श्रीशिवराजेश्वर

कसालहून मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा हे गाव लागते. येथून पुढे मालवणचा किनारा गाठला, की समुद्रात कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग दृष्टीस पडतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या जलदुर्गाची उभारणी सुरू केली. त्याच्या तटाच्या आत महाराजांचे मंदिर आहे. राजाच्या प्रतिमेला देवत्वाचे स्थान देणारी ही वास्तू अभ्यासकांइतकीच सामान्य भाविकांनाही आपली वाटते.

हे मंदिर राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १६९५ मध्ये उभारले गेले. शिवाजी महाराजांचे निधन १६८० मधील. म्हणजे मधे अवघी १५ वर्षे गेली होती. राजाराम महाराज त्या वेळी दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात होते आणि त्याला मोगलांचा वेढा पडलेला होता. राज्यच पणाला लागले असताना संस्थापकाची मूर्ती प्रतिष्ठित व्हावी, यातून त्या स्मरणाची शक्ती ध्यानात येते.

प्रतिमा आणि मूर्ती

समकालीन डच संग्रहांतील चित्रांत महाराजांना दाढी आहे. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी असे चित्र उजेडात आणले, तोवर भलत्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून रूढ होते. सिंधुदुर्गावरील पाषाणमूर्तीला मात्र दाढी नाही. मस्तकी दर्यावर्दी कोळ्यांसारखी टोपी आहे. यात विसंगती मानण्याचे कारण नाही. चित्रकार चेहरा टिपतो, तर पूजेची मूर्ती नाते सांगते. दर्यावर्दी लोकांनी आपला राजा आपल्याच वेषात पाहिला, असाही त्याचा अर्थ लावता येतो.

राजघराण्याची सेवा

देवस्थानांस वास्तू व मूर्ती अर्पण करण्याची परंपरा स्वतः महाराजांनी जोपासली होती. १६६१ मध्ये त्यांनी प्रतापगडावर भवानीदेवीची स्थापना केली आणि १६६८ मध्ये गोव्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. पुढे तीच सेवा त्यांच्या मंदिराच्या वाट्याला आली. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी येथे सभामंडप बांधविला.

जतनाची जबाबदारी

खारे वारे आणि मुसळधार पाऊस यांच्याशी किनाऱ्यावरील प्रत्येक वास्तूची झुंज चालू असते. मालवणच्याच राजकोट येथे डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. २०२५ मध्ये तेथे नवा पुतळा उभा राहिला. स्मारक उभारण्याइतकीच त्याची निगाही महत्त्वाची, हा धडा त्यातून मिळाला. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्गासह १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याने ही जबाबदारी अधिकच वाढली आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सहलीत तटबंदीबरोबरच ही मूर्तीही समजावून सांगावी. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील जुन्या मूर्ती, शिलालेख व दानपत्रे यांची नोंद करून ठेवावी आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याविना जुन्या दगडावर रंग वा सिमेंट चढू देऊ नये. पूर्वजांनी संकटकाळातही जे घडविले, ते शांततेच्या काळात सांभाळणे आपल्याला अवघड वाटू नये.