इंजिन उघडलेच आहे, तर...

मोटारीच्या इंजिनात पिस्टन आणि झडपा यांच्या हालचालींचा मेळ राखावा लागतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक. अनेक गाड्यांमध्ये हे काम दाते असलेला रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट करतो. तो चालत्या गाडीत तुटला तर कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतात. काही इंजिनांत ते उघड्या झडपांवर आदळतात आणि झडपा वाकतात. म्हणून ठरावीक अंतरानंतर पट्टा धडधाकट दिसला तरी बदलतात.

बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो. दोन्हींसाठी इंजिन जवळजवळ तेवढेच खोलावे लागते. आपण सोयीचे आकडे घेऊ : मजुरी ४००० रुपये, पट्टा २०००, पंप २०००. दोन वेळा काम केल्यास खर्च १२,००० रुपये, एकदम केल्यास ८०००. शिवाय जुन्या पंपाचे बेअरिंग अडकले, तर नवा पट्टाही तुटू शकतो.

मग हाताशी आलेले सगळेच बदलावे का? नाही. पुढच्या वेळी पट्टा बदलेपर्यंत जो भाग टिकणार आहे, तो राहू द्यावा. टिकणार नसेल, तर त्याच्या वाया जाणाऱ्या आयुष्याची किंमत आणि वाचणारी मजुरी यांची तुलना करावी. निम्मा झिजलेला पंप काढून टाकला तर आपण १००० रुपये गमावतो, पण ४००० वाचवतो.

पंपाची किंमत किती असती, तर हा व्यवहार तोट्याचा ठरला असता? विद्यार्थ्यांना हा हिशेब जरूर करायला सांगावा.