फुकटचा गाळ शेतात टाकण्यापूर्वी



कारखान्यामागे साठलेला गाळ किंवा राख "खत म्हणून घेऊन जा, पैसे नकोत" असे सांगून कोणी देऊ केली, तर मोह होणे साहजिक आहे. खताचे भाव आपण जाणतोच. पण त्या गाळात शिसे, कॅडमियम, क्रोमियम किंवा पारा असेल तर तो डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही. हे धातू शेणासारखे कुजून नाहीसे होत नाहीत. ते मातीत राहतात आणि काही पिकांच्या मुळांतून आपल्या ताटात येतात.

जपानमधील तोयामा प्रांतात असेच घडले. जिंझू नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणीतून कॅडमियम नदीत उतरले व पाटाच्या पाण्याने भातशेतीत गेले. तो भात खाऊन कित्येकांची, विशेषतः उतारवयाच्या बायकांची, मूत्रपिंडे बिघडली आणि हाडे ठिसूळ झाली. लोकांनी दुखण्याला नाव दिले "इताई-इताई", म्हणजे "दुखते, दुखते". सरकारने १९६८ साली हे कारण मान्य केले. तेथील शेतांची माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले होते.

मग ओळखावे कसे? त्याला प्रयोगशाळाच हवी. प्रथम नमुना नीट घ्यावा लागतो. ढिगाच्या वरून, मधून, तळातून, अशा अनेक जागांहून थोडा थोडा माल घेऊन तो एकत्र कालवतात व स्वच्छ प्लास्टिकच्या बरणीत भरतात. एकाच कोपऱ्यातली मूठ साऱ्या ढिगाची खबर देत नाही.

पुढे तपासणी दोन प्रकारची असते. पहिलीत नमुना तीव्र आम्लात तापवून त्यातील धातू विरघळवतात व एका किलोत किती मिलिग्रॅम आहे ते मोजतात. दुसरीत पावसापाण्याने किती धातू पाझरेल ते पाहतात. नमुन्याच्या वीसपट वजनाचे, व्हिनेगरमधल्या आम्लाचे सौम्य द्रावण घालून बाटली सुमारे १८ तास फिरवत ठेवतात, मग गाळून पाणी तपासतात. या पाझरपाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम शिसे किंवा १ मिलिग्रॅम कॅडमियम निघाले, तर आपल्या देशातील २०१६ च्या नियमांप्रमाणे तो कचरा घातक ठरतो. दोनशे लिटरच्या पिंपात एक ग्रॅम शिसे, एवढेच हे प्रमाण आहे.

येथे एक मोठी फसगत होते, ती ध्यानात घ्यावी. "पाझर तपासणीत माल पास झाला" याचा अर्थ तो शेतात घालण्याजोगा आहे, असा नव्हे. ती तपासणी कचरा घातक वर्गात मोडतो की नाही, एवढेच सांगते. खताची कसोटी वेगळी आहे. शहरी कचऱ्याच्या कंपोस्ट खतात किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे व ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम चालत नाही. हे पहिल्या तपासणीतूनच कळते. म्हणून दाखवलेला कागद कोणत्या तपासणीचा आहे ते आधी विचारावे.

आपल्या नेहमीच्या माती परीक्षणावरही विसंबू नये. मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह यांची नोंद असते. शिसे व कॅडमियम यांची नसते.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच: मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल पाहिल्याशिवाय असा गाळ बांधाच्या आत घेऊ नका. कोणी रात्रीबेरात्री टाकून गेलाच, तर तो नांगरून मातीत मिसळू नका, मुलांना व गुरांना तेथे फिरकू देऊ नका, आणि ग्रामपंचायतीमार्फत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. वेगळा पडलेला ढीग उचलता येतो. एकदा नांगरला, की साऱ्या शेताची माती बदलावी लागते.