घर हीच शाळा (भाग ७) : पत्र कुणाला लिहायचं?

मागच्या भागात आपण घरातल्या गणिताबद्दल बोललो. या वेळी लेखन. मुलांना घरीच शिकवणारे पालक भेटले की एक तक्रार हमखास निघते: “दिवसभर तोंड बंद नसतं, पण चार ओळी लिही म्हटलं की पोटात दुखतं.”

आमच्याकडेही हेच रडगाणं होतं. लेक रोज वहीत तारीख घालायची आणि खाली तीन वाक्यं लिहायची. ‘आज घावनं केली. छान झाली. मजा आली.’ पानं उलटली की फक्त पदार्थ बदलायचा. मी वैतागायचे. मग एक दिवस लक्षात आलं, की घावनं होत असताना मी तिच्या शेजारीच उभी होते. जे आईनं डोळ्यांनी पाहिलंय, तेच आईला लिहून कशाला सांगायचं? पोरीचा हिशेब चोख होता. तिला लिहिता येत होतं, पण जिला सांगावं अशी व्यक्तीच समोर नव्हती.

शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका गुरुजींना हीच अडचण आली होती. सेलेस्तँ फ्रेने हे त्यांचं नाव. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुफ्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे वर्गात तास तासभर बोलणं झेपत नसे. १९२० मध्ये ते दक्षिणेकडच्या बार-स्यूर-लू या डोंगराळ गावी शिक्षक म्हणून आले. मुलांना ते गावात, शेतात, कारागिरांकडे फिरायला नेत. परत आल्यावर मुलं भरभरून बोलत, पण पाठ्यपुस्तक उघडलं की चिडीचूप. १९२४ मध्ये फ्रेने यांनी एक छोटं हातछपाई यंत्र आणलं. मुलांनी स्वतःचे अनुभव लिहायचे, वर्गानं मिळून मजकूर ठरवायचा, खिळे जुळवायचे आणि छापायचं.

खिळे जुळवणं हे किचकट काम. प्रत्येक अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. एक खिळा चुकला की चूक प्रत्येक प्रतीवर उमटणार. त्यामुळे शुद्धलेखनाची काळजी मुलांनाच वाटू लागली. पुढे या शाळेची पार फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीच्या समुद्रकाठी असलेल्या एका शाळेशी छापील पानांची देवाणघेवाण सुरू झाली. आता डोंगरातल्या मुलांना आपलं गाव अशा कुणाला तरी सांगायचं होतं, ज्यानं ते कधी पाहिलेलंच नाही. वाचणारा लांबचा असला की लिहिणाऱ्याला सगळं नीट सांगावंच लागतं.

घरी छपाईयंत्र नको. आमच्याकडे देवरुखची आजी होती. घावनांचीच हकिगत लेकीनं तिला पत्रानं कळवली. आठ दिवसांनी उलट टपाली उत्तर आलं: ‘पीठ किती पातळ केलंस? तवा तापला हे कशावरून ओळखलंस?’ पोरगी तडक कागद घेऊन बसली. ‘पीठ ताकाएवढं. तव्यावर पाणी शिंपडलं, थेंब नाचले, मग पीठ घातलं. पहिलं घावन तव्यालाच चिकटलं. ते दादानं उलथन्यानं खरवडून खाल्लं.’ व्याकरणाचा तास न घेता ‘मजा आली’ गायब झालं होतं. लाल पेन मी हातातही धरलं नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट वाचक शोधण्याची. मामा, आत्या, गाव सोडून गेलेली मैत्रीण, कुणीही चालेल. मात्र त्यानं उत्तर द्यायला हवं आणि त्यात निदान एक खरा प्रश्न हवा. ‘शाब्बास, छान लिहिलंस’ एवढ्यावर पत्रव्यवहार दोन महिन्यांत आटतो.

दुसरं, आपल्याकडची हस्तलिखिताची जुनी रीत. घरी शिकणारी तीन-चार कुटुंबं मिळून महिन्याला एक अंक सहज निघतो. एकानं मुखपृष्ठ रंगवायचं, एकानं कोडी करायची, संपादकपद आळीपाळीनं. अंक घरोघर फिरवताना शेवटी दोन कोरी पानं सोडा; तिथे वाचणाऱ्यांनी अभिप्राय लिहायचा.

तिसरं, लहानग्यांचं. हात अजून वळत नसेल तर मुलानं सांगावं, आपण लिहावं. इंग्लंडमध्ये गृहशिक्षणाचा पाया घालणाऱ्या शार्लट मेसन (१८४२–१९२३) लहान वयात लेखी निबंधाऐवजी ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत तोंडी सांगण्यावर भर देत. लेखनिक झालात तर मात्र प्रामाणिक राहा: मूल ‘मांजर धप्पकन पडली’ म्हणालं, तर ‘मांजर खाली पडली’ असं सुधारून लिहू नका.

आणि पालकांनीही लिहावं. अमेरिकी शिक्षणचिंतक जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केलं, त्याचा मोठा भाग पालकांच्या पत्रांनी भरलेला असे. काय जमलं याइतकंच काय फसलं हेही लिहिलं, तर ते दुसऱ्या घराच्या उपयोगी पडतं. पण फजिती मुलाची असेल, तर चारचौघांत मांडण्याआधी त्याला विचारा. मुलाचं पत्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परस्पर टाकणं हाही विश्वासघातच. पत्र ज्याला लिहिलं त्याचंच.

परवा आजीला पाठवायचं पाकीट मी चिकटवायला घेतलं, तर लेकीनं हातातून ओढून घेतलं. “तू वाचू नकोस,” म्हणाली. मी नाही वाचलं.

(पुढील भागात : दहावीचं काय? १७ नंबरचा फॉर्म आणि मुक्त विद्यालय)